पूर येण्याआधी गावाची यादी: मोबाइल, नकाशा आणि पाणीपातळी यांची सांगड कशी घालायची

ऑगस्ट २०१९. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात पंचगंगेचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही पोरं रात्रभर ट्रॅक्टरनं माणसं बाहेर काढत होतो. पहाटे जरा टेकलो, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "नदीकडच्या गल्लीतली आजी कुठाय?" लेकाला वाटलं ती बहिणीकडं गेली, लेकीला वाटलं ती भावाबरोबर आहे. आजी घरातच माळ्यावर एकटी बसून होती. गुळाच्या काहिलीत बसवून तिला आणली. वाचली. त्या रात्री गावात माणसं होती, ट्रॅक्टर होते, मोबाइल तर घरटी दोन होते. कोण कुठं राहतं, कुणाला चालता येत नाही, कोण बाहेर पडलं आणि कोण मागं राहिलं, याची यादी मात्र नव्हती.

पाणी ओसरल्यावर आम्ही ती करायला घेतली. जुलै २०२१ च्या पुरात पहिल्यांदा वापरली आणि निम्मी फसली. चुका दुरुस्त केल्या. जुलै २०२४ मध्ये पाणी पुन्हा धोका पातळीच्या वर गेलं, तेव्हा तिनं काम केलं. हे सगळं फुकटच्या अॅपवर, गावातल्याच पोरांनी केलंय. तुमचं गाव कृष्णा-पंचगंगेच्या काठावर असेल तर खालचं जवळपास जसंच्या तसं वापरता येईल. दुसऱ्या नदीकाठी असाल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

१. आधी माणसं जमवा आणि ग्रामसभेचा ठराव घ्या

पाच-सहा जण पुरेत. दोघं मोबाइल-कॉम्प्युटर जाणणारे. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका हवीच, कारण कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि कोण बाळंतपणाला आलीय, हे तिला तोंडपाठ असतं. पोलीस पाटील आणि एखादा जुना नावाडी किंवा पोहणारा सोबत घ्या.

ठरावाला कंटाळू नका. आम्ही पहिल्या वर्षी ठराव न घेताच दारोदार गेलो. निम्म्या घरांत "कुठल्या योजनेचं हे? पैसे किती मिळणार?" आणि उरलेल्या निम्म्यांत "इलेक्शनचं काय काम आहे का?" असं ऐकून परत आलो. ठरावात तीन वाक्यं स्पष्ट लिहून घ्या: माहिती फक्त पुरासाठी वापरली जाईल, ती अमुक पाच जणांकडंच राहील, आणि या कामाचे कुणाला पैसे मिळणार नाहीत. शेवटचं वाक्य तोंडानंही सांगा.

हाताशी ठेवायच्या गोष्टी:
- ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची यादी (सुरुवात करायला)
- ठरावाची प्रत
- दोन-तीन अँड्रॉइड फोन आणि एक लॅपटॉप
- मोठे पॉवर बँक, किमान दोन
- गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी (कशाला ते चौथ्या पायरीत)
- २०१९ आणि २०२१ च्या पुराचे, गावातल्या लोकांच्या फोनमधले मूळ फोटो
- प्रिंटर किंवा जवळचं झेरॉक्स सेंटर

२. घरोघरची माहिती कोबोटूलबॉक्सवर भरा

कोबोटूलबॉक्स हे फॉर्म बनवून माहिती गोळा करायचं साधन आपत्तीत मदत करणाऱ्या संस्था जगभर वापरतात, आणि एका गावापुरतं फुकटात भागतं. लॅपटॉपवर खातं उघडा, प्रश्नांचा फॉर्म बनवा, फोनवर कोबोकलेक्ट अॅप टाका आणि फॉर्म त्यात उतरवून घ्या. मग नेट नसलं तरी माहिती भरता येते. रेंजमध्ये आलात की ती एकदम पाठवायची. प्रश्न मराठीत लिहा.

आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये चाळीस प्रश्न होते. दहाव्या घराला लोक उठून आत जायला लागले. आता एवढेच ठेवलेत:

- कुटुंबप्रमुखाचं नाव आणि फोन. शिवाय गावाबाहेरच्या एका नातेवाइकाचा फोन
- घरात एकूण किती माणसं, त्यात सहा वर्षांखालची किती, साठीच्या पुढची किती
- चालता न येणारं, न दिसणारं, न ऐकू येणारं कुणी आहे का
- गरोदर असल्यास कितवा महिना
- चुकवता न येणारं औषध किंवा उपचार: इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, डायलिसिस
- मोठी जनावरं किती, लहान किती, कानातल्या बिल्ल्याचे बारा अंकी क्रमांक
- ट्रॅक्टर, काहील, टायरची ट्यूब, दोर यांपैकी काय आहे. घरात पोहणारं कोण
- पूर आला तर कुठं जाणार: पाहुण्यांकडं (गावाचं नाव) की छावणीत

शेवटचा प्रश्न सोडू नका. आपल्याकडं निम्म्याहून जास्त माणसं पै-पाहुण्यांकडंच जातात. आजीच्या बाबतीत घोटाळा झाला तो नेमका इथंच. कोण कुणाकडं जाणार हे आधी लिहिलेलं असलं, तर एका फोनवर खात्री होते.

आता यातले खड्डे. घरपट्टीच्या यादीत भाडेकरू नसतात. सूतगिरणीत, फौंड्रीत किंवा एमआयडीसीत कामाला येणारी, खोली घेऊन राहणारी कुटुंबं त्यात सापडणार नाहीत, आणि पुराचा अनुभवही नेमका त्यांनाच नसतो. गल्लीतनं चालत जा आणि प्रत्येक दाराला नंबर द्या. मळ्यातल्या वस्त्याही विसरू नका. नदीला सगळ्यात जवळ त्याच असतात.

दुसरा खड्डा खाजगीपणाचा. फॉर्मच्या सेटिंगमध्ये 'भरलेली माहिती कुणीही पाहू शकेल' असा एक पर्याय असतो, तो बंद आहे ना ते स्वतः उघडून बघा. एकट्या राहणाऱ्या बाईचं नाव, फोन आणि घराचा ठिकाणा असलेली यादी ग्रुपवर फिरली, तर सुरक्षेच्या नावाखाली आपणच तिला धोक्यात घालतो. यादीचा स्क्रीनशॉट कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, हा आमच्यातला एकमेव नियम आहे जो मोडला तर माणूस समितीतून बाहेर.

३. घर नकाशावर टाका

फॉर्ममध्ये जीपीएस बिंदूचा प्रश्न घाला. नोंद दारात, मोकळ्या आकाशाखाली उभं राहून घ्या. पत्र्याखाली किंवा अरुंद बोळात बिंदू शेजारच्या गल्लीत जाऊन पडतो. स्क्रीनवर अचूकता मीटरमध्ये दिसते, ती पाचच्या आसपास येईपर्यंत थांबा.

ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर तुमच्या गावाचे रस्ते, पाणंद, शाळा, देवळं नसतील तर ती घाला. हे कुणालाही करता येतं, आणि बाहेरून येणाऱ्या बचाव पथकालाही त्याचा उपयोग होतो. तिथं फक्त सार्वजनिक गोष्टी टाकायच्या, माणसांची माहिती नाही. घरांचे बिंदू कोबोमधून केएमएल फाइल म्हणून उतरवा आणि समितीच्या फोनमध्ये ऑरगॅनिक मॅप्स या नकाशाच्या अॅपमध्ये टाका. आधी महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवला असेल तर ते नेटशिवाय चालतं.

४. गावाचा स्वतःचा आकडा काढा

सगळ्यात जास्त कष्ट आम्हाला याच कामाला पडले, आणि उपयोगही याचाच सगळ्यात जास्त झाला.

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. हे आकडे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण "राजाराम ४४ वर गेलं" म्हणजे माझ्या दारात पाणी कधी, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून एक गट घाबरून फार आधी पळतो आणि दुसरा "२०१९ ला नव्हतं आलं" म्हणत शेवटपर्यंत बसून राहतो. प्रत्येक घरासमोर त्याचा आकडा लिहिणं, हे आपलं काम.

कसं काढायचं? गावातल्या लोकांकडून पुराचे फोटो मागवा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला फोटो चालणार नाही, त्यातली मूळ तारीख-वेळ निघून गेलेली असते. ज्यानं काढला त्याच्या गॅलरीत जाऊन फोटोचे तपशील बघा. "मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी, अमुक तारीख, सकाळी साडेसात" असं मिळालं की त्या वेळची राजारामची पातळी शोधा. जिल्हा प्रशासन पुराच्या काळात दिवसातून अनेक वेळा पातळी जाहीर करतं. जुन्या ग्रुपमध्ये आणि त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात ते आकडे सापडतात. अशा दहा-बारा जोड्या मिळाल्या की देवळाची कुठली पायरी म्हणजे राजारामचे किती फूट, हा हिशोब बसतो.

मग देवळाची ती पायरी शून्य धरायची आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं प्रत्येक घराचं जोतं तिच्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते मोजायचं. आमच्या गावात दोन गवंड्यांनी चार रविवार हे काम केलं. फोनमधल्या जीपीएसवर दिसणारी उंची यासाठी अजिबात वापरू नका. त्यात कित्येक मीटरचा फरक पडतो आणि आपल्याला इंचाचा हिशोब हवा असतो.

एक गोष्ट आम्हाला २०२१ ला कळली. आम्ही घराचं जोतं मोजलं होतं, रस्ता मोजलाच नव्हता. घर कोरडं आणि ओढ्यावरचा रस्ता कमरेएवढ्या पाण्यात, अशी सात कुटुंबं अडकली. रस्ता आधी जातो. तेव्हापासून प्रत्येक घरासमोर दोन आकडे असतात: 'दारात पाणी' आणि 'रस्ता बंद'. निघायचं ते दुसऱ्या आकड्यावर.

आणखी एक, खास आमच्या तालुक्यासाठी. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगून मागं येतं. राजारामला पाणी उतरायला लागलेलं असतं, आणि आमच्याकडं चढतच असतं. त्यामुळं खालच्या अंगाच्या गावांनी राजारामबरोबर कृष्णेची पातळीही धरायची आणि जो आकडा आधी गाठला जाईल त्यावर हलायचं. कोल्हापूर शहराच्या वरच्या अंगाला असाल तर एकट्या राजारामवर बऱ्यापैकी भागतं. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद मोठा आहे, त्यात इथं शिरत नाही. दारातलं पाणी मोजायला त्याचा निकाल लागायची गरज नाही.)

हे सगळं गुगल शीटमध्ये भरा. वरच्या एका चौकटीत आजची पातळी टाकायची. ज्या घराचा रस्ता पुढच्या दोन फुटांत बंद होईल, ती ओळ आपोआप लाल होईल असं सूत्र लावा. गावातलं कॉमर्स झालेलं कुठलंही पोर हे अर्ध्या तासात करून देतं. लाल ओळींचे आम्ही तीन टप्पे केलेत, पहिल्या टप्प्यात मळ्यातल्या वस्त्या आणि नदीकडची गल्ली.

५. पाण्याची आणि पावसाची खबर कुठून घ्यायची

चार ठिकाणं पुरेत, बाकी गर्दी.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचं पातळीपत्रक पहिलं. त्यात किती बंधारे पाण्याखाली आहेत आणि धरणांतून किती विसर्ग चालू आहे तेही असतं. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. कितवा दरवाजा उघडला याची नोंद ठेवा. फोनसाठी १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक.

दुसरं, केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया अॅप. इथं नवखा माणूस हमखास फसतो. आयोगाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते, आपली स्थानिक पातळी फुटांत. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका. पाणी चढतंय की उतरतंय आणि पुढचा अंदाज काय, एवढंच त्यातून घ्या.

तिसरं, हवामान खात्याचं मौसम अॅप. कोल्हापूरसाठी घाट विभागाचा इशारा वेगळा दिला जातो, तो बघायचा. शिरोळला ऊन पडलेलं असतं आणि गगनबावड्याला ढग फुटल्यासारखा कोसळत असतो. आपला पूर तिथून येतो. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर त्याला खातं 'अत्यंत मुसळधार' म्हणतं. असे दोन दिवस घाटात लागले की आम्ही पातळी बघत न बसता जनावरं हलवायला घेतो.

चौथं, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत अॅप. आपला जिल्हा निवडून ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीचे अलर्ट चालू आहेत का तेही बघा. मोठ्या आवाजाला वैतागून बरेच जण ते बंद करून टाकतात. रानात काम करणाऱ्यांच्या फोनवर दामिनीही घाला. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं हे अॅप जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सावध करतं.

६. निरोप एकाच तोंडून जाऊ द्या

पुरात पाण्याइतकीच अफवाही पसरते. "धरणाला तडा गेला" आणि दुसऱ्याच राज्यातले जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात येतात. आमच्याकडं एक ग्रुप आहे ज्यात फक्त अॅडमिन लिहू शकतो आणि अॅडमिन तिघं. निरोपाचा साचा ठरलेला. नमुना असा:

"मंगळवार, सकाळी ८. राजाराम ४१ फूट, काल रात्री ८ ला ३९ फूट ६ इंच. पाणी वाढतंय. पहिल्या टप्प्यातल्या १४ घरांनी दुपारी १२ च्या आत निघायचं. जनावरं आधी. जायचं हायस्कूलवर. पुढचा निरोप १२ वाजता. – गाव पूर समिती"

वार आणि वेळ नसलेला निरोप पाठवूच नका. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरतो आणि घोळ करतो. 'पुढचा निरोप कधी' हेही लिहाच, म्हणजे मधल्या वेळात शंभर फोन येत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांकडं साधे फोन असतात. तुमच्या गावानं ग्राम सुरक्षा यंत्रणेत नोंदणी केली असेल तर १८०० २७० ३६०० वर फोन करून आपल्याच आवाजातला निरोप गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर जातो. नोंदणी नसेल तर ग्रामपंचायतीच्या मागं लागून करून घ्या. त्याशिवाय देवळाचा आणि मशिदीचा भोंगा आहेच. दोन्हीकडं कुणी बोलायचं ते आधी ठरवा.

७. नेट जाणार हे धरूनच चाला

२०२१ ला आमची यादी निम्मी फसली ती इथं. सुरेख रंगीत शीट होती, सगळी नेटवर. दुसऱ्या दिवशी वीज गेली, संध्याकाळपर्यंत टॉवर बंद पडले आणि यादी उघडेना. शेवटी आशाताईंच्या वहीवर काम काढलं.

आता पातळी ३९ फुटांवर गेली की पहिलं काम छापायचं. गल्लीवार कागद, मोठी अक्षरं, प्रत्येक नावासमोर तीन चौकटी: निघाले, पोचले, फोनवर खात्री झाली. प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येक गल्लीच्या दोघांकडं. शिवाय पीडीएफ फोनमध्ये उतरवलेली. नुसती लिंक असून भागत नाही. पॉवर बँक भरलेले, आणि फोन रात्री विमान मोडवर ठेवून ठरलेल्या वेळीच चालू करायचे.

तिसऱ्या चौकटीत खूण झाल्याशिवाय ते नाव संपलं असं समजायचं नाही. "गेले असतील" हा शब्द आमच्या समितीत चालत नाही.

८. मे महिन्यात एकदा करून बघा

रविवारी सकाळी, एकाच गल्लीचं. निरोप पाठवा, घड्याळ लावा, शेवटचं माणूस हायस्कूलवर पोचेपर्यंत मोजा. आम्ही मनात दीड तास धरला होता, साडेतीन लागले. जनावरांना दोर नव्हते आणि शाळेची किल्ली शिपायाकडं होती, शिपाई जयसिंगपूरला. अशा गोष्टी कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाहीत. होडीची वेळ आली तर किती माणसं बसवायची हेही तेव्हाच ठरवा. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटून माणसं बुडाली, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. आमच्याकडं होडीजवळ यादी धरून एक माणूस उभा असतो आणि मोजूनच सोडतो.

मृगाच्या आधी यादीही ताजी करा: मयत, नवी सून, नवं बाळ, बदललेले फोन. आशाताईंबरोबर बसलं तर दोन संध्याकाळचं काम.

९. पाणी ओसरल्यावर

घर धुवायच्या आधी फोटो. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवरच छापणारं कॅमेरा अॅप वापरा: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, उभ्या उसात शिरलेलं पाणी. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर साफ झालेलं असतं, मग बोलायला हेच उरतं. सोबत आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, सातबारा आणि आठ-अ यांच्या प्रती लागतात. पावसाळ्याआधीच त्या एका पिशवीत आणि फोनमध्ये ठेवा. जनावर दगावलं असेल तर कानातल्या बिल्ल्यासह फोटो घ्या, फॉर्ममध्ये नोंदलेला क्रमांक तिथं उपयोगी पडतो.

आणि रेघ वाळून पुसट व्हायच्या आत ऑइलपेंटचा डबा घेऊन बाहेर पडा. देवळाच्या, शाळेच्या, दूधसंस्थेच्या भिंतीवर पाणी जिथवर आलं तिथं पट्टा ओढा, शेजारी तारीख आणि राजारामची पातळी लिहा. त्याच संध्याकाळी शीटमध्ये नवा रकाना उघडून प्रत्येक घरासमोर या वेळचं पाणी भरा. चौथ्या पायरीतला आमचा अंदाज काही घरांना सहा इंचांनी चुकला होता, तो याच रकान्यानं सुधारला.